दहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा एअरलाइनमध्ये: कुणी केलंय का?

गोदाकाठ | ९ जून २०२४, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझं शेवटचं उड्डाण ऑगस्ट २०१४ चं. मुंबई-कोची-मुंबई, एअरबस ए३२०, उजवी सीट, म्हणजे सहवैमानिक. त्यानंतर आठवड्याभरात दिवस राहिल्याचं कळलं आणि उडणं थांबलं. मुलगा वेळेच्या फार आधी जन्मला, सव्वा किलोचा. त्याची फुप्फुसं नाजूक होती, पहिली तीन वर्षं दवाखान्याच्या फेऱ्यांत गेली. तो जरा सावरतोय तोवर सासऱ्यांना पक्षाघात झाला. राजीनामा कुणी मागितला नव्हता, मीच दिला. तो निर्णय चुकला असं मी आजही म्हणणार नाही. त्या वेळी माझी जागा घरीच होती.

मधल्या काळात नाशिकला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. सदिश राशी शिकवताना धावपट्टीवरच्या आडव्या वाऱ्याचंच उदाहरण द्यायचे. ओझरच्या एचएएलमधून सुखोई वर गेलं की माझा खडू थांबायचा. मुलांना ते माहीत झालं होतं, तीही गप्प राहायची.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, जूनमध्ये इंडिगोने ५०० ची. त्या रात्री मी कपाटातून लॉगबुक काढलं. ४,१०० तास, त्यातले बहुतेक ए३२० वर. कमांडसाठी, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी, माझं नाव घेतलं जात होतं तेव्हा मी थांबले. आज वय ४२. आपल्याकडे ६५ पर्यंत उडता येतं, म्हणजे हातात २३ वर्षं आहेत, आणि मी नोकरीत उडाले ती जेमतेम आठ.

मुलगा आता नऊचा आहे, पोहायला जातो. सासरे गेल्या वर्षी गेले. सासूबाई म्हणतात, "तू जा, मी आहे." नवऱ्याचं काम घरूनच चालतं.

आता अडचण. मेडिकल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडण्याची परवानगी), लायसन्स, सगळ्याची मुदत कधीच संपली. इंग्रजी प्रावीण्याची लेव्हल ४ होती, ती तीन वर्षंच चालते. जुन्या सहकाऱ्यांना फोन केले तर प्रत्येकाचा सल्ला वेगळा. एक म्हणतो आधी स्वखर्चाने टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण आणि परवानगी) कर, दुसरा म्हणतो आधी अर्ज टाक. ज्यांनी पाच-दहा वर्षांच्या खंडानंतर हे केलंय त्यांनी क्रम सांगावा. आणि मला खरंच जमेल का, हेही न लपवता सांगावं.

---

पश्चिमवारा | १० जून २०२४, सकाळी ६.१५

गोदाकाठताई, मी एअरबसवर प्रशिक्षक आणि परीक्षक आहे, साठीच्या उंबरठ्यावर. क्रम सांगतो.

मेडिकल पहिलं. त्याचा निकाल हातात येईपर्यंत बाकी कशावरही एक रुपया घालू नका. कर्ज काढून टाइप रेटिंग केलं आणि नंतर ऑडिओग्राममध्ये (कानांच्या तपासणीत) अडकले, असे दोघे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एवढ्या खंडानंतर नेहमीच्या डॉक्टरकडे नूतनीकरण होईल की वैद्यकीय मंडळासमोर पहिल्यासारखी पूर्ण तपासणी लागेल, हे डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाकडून) लेखी घ्या. फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका.

दुसरं, लॉगबुकाच्या प्रती, जुन्या प्रोफिशियन्सी चेकचे अहवाल, जुन्या कंपनीचं अनुभवपत्र. कंपनीतली माणसं बदलतात, कागद मिळेनासे होतात. आजच मागवा.

तिसरं अर्ज. टाइप रेटिंग चौथं, आणि तेही नोकरीचं पत्र हातात असेल तर. ते करून सहा महिने घरी बसलात की पुन्हा गंज चढतो. नव्वद दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग नसतील तर चालू नोकरीतल्या वैमानिकालाही प्रवासी घेऊन उडता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहेच.

जमेल का, याचं उत्तर सिम्युलेटरच देईल. पण तुमचं लिहिणं वाचून मला आशा वाटते.

---

शेवंती | १० जून २०२४, सकाळी ११.०३

वाचतेय. विमानातलं मला काही कळत नाही, पण ताई, तुम्ही करून दाखवा. १९८५ साली कोलकाता-सिलचर विमानात दोन्ही वैमानिक बायका होत्या आणि कमांडर होत्या आपल्या सौदामिनी देशमुख. माझ्या आईने ती बातमी कापून देवघराशेजारी चिकटवली होती. आज भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के बायका आहेत, जगाच्या मानाने कितीतरी जास्त. पण मुलं झाल्यावर थांबलेल्या परत येतात का, हे कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा.

---

तासगावचा_मळा | १० जून २०२४, रात्री ९.३०

ताई, माझा खंड तीन वर्षांचा. पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया, मग 'तात्पुरता अनफिट'चे शिक्के एकामागून एक. २०२१ मध्ये परतलो. त्या तीन वर्षांत द्राक्षबाग सांभाळली, पण रोज संध्याकाळी एक तास कॉकपिटात बसायचो. म्हणजे काय ते सांगतो, कारण माझं परतणं त्याच्यावरच उभं राहिलं.

ए३२० च्या सगळ्या पॅनेलची चित्रं मूळ मापात छापून मिळतात. ती मी धान्याच्या कोठीच्या भिंतीवर लावली. वरचं ओव्हरहेड पॅनेल दोरीने छताला. समोर खुर्ची. बायको चेकलिस्ट वाचायची आणि मी कागदावरच्या त्या त्या बटणाला बोट लावून मोठ्याने उत्तर द्यायचो. कॉकपिट तयार करण्यापासून इंजिन बंद करेपर्यंत. पहिल्या आठवड्यात हात भलतीकडेच जायचा, इंधनाच्या पंपाऐवजी हायड्रॉलिकवर. दोन महिन्यांनी न बघता योग्य ठिकाणी पडायला लागला.

सिम्युलेटरचा एकेक तास फार महाग असतो. तिथे बटण शोधण्यात वेळ घालवायचा नाही. कोठीत तो फुकट घालवता येतो.

खर्चाचं: स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग म्हणजे पंधरा लाखांच्या पुढे धरून चाला. राहणं-खाणं वेगळं.

---

सरळ_प्रश्न | ११ जून २०२४, दुपारी १.२०

धागाकर्तीबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो, राग मानू नये. मी महिन्याला चार वेळा विमानाने फिरतो. दहा वर्षं ज्याने सुकाणू धरलेलं नाही, त्याच्या मागे माझी मुलं बसलेली असावीत का? डॉक्टर दहा वर्षं शस्त्रक्रिया न करता थेट टेबलाशी उभा राहिला तर आपण तयार होऊ का?

---

पश्चिमवारा | ११ जून २०२४, रात्री ११.५०

प्रश्न रास्त आहे आणि त्याचा राग कुणी मानू नये. आम्हीही तोच विचारतो.

'थेट' मात्र कुणी उभं राहत नाही. वर्गातलं शिक्षण, सिम्युलेटरची सत्रं, परीक्षा, मग प्रत्यक्ष विमानात तिसऱ्या सीटवरून निरीक्षण, मग प्रशिक्षक कॅप्टनसोबत लाइन ट्रेनिंग (नेहमीच्या प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण) आणि शेवटी रिलीज चेक, म्हणजे प्रशिक्षकाविना उडण्याआधीची चाचणी. सुरुवातीच्या फेऱ्यांना मागे सेफ्टी पायलट बसलेला असतो. यातल्या प्रत्येक पायरीवर माणूस थांबवता येतो, आणि थांबवला जातो. त्यानंतरही दर वर्षी दोनदा सिम्युलेटरमध्ये चेक, निवृत्तीपर्यंत.

आता गंज कुठे चढतो ते. नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आम्ही प्रशिक्षक नेहमी सांगतो. १६ एअरलाइन वैमानिकांना बोइंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरमध्ये बसवून एकेक स्वयंचलित मदत काढून घेतली. हाताने विमान धरून ठेवणं आणि उपकरणांवर नजर फिरवणं बहुतेकांचं शाबूत निघालं, सराव कमी असूनही. चुका झाल्या त्या डोक्याच्या कामात: नकाशा नसताना आपण कुठे आहोत याचं भान, पुढची पायरी कोणती, कुठलं उपकरण खोटं बोलतंय हे ओळखणं. ते वैमानिक नोकरीत होते, खंडावरून परतलेले नव्हते, हे मान्य. पण परतणाऱ्यांमध्ये मी हेच बघतो. ते लँडिंगला घाबरून येतात. लँडिंग चौथ्या-पाचव्या वेळी बसतं. मागे पडतो तो विचारांचा वेग. विमान ताशी अडीचशे किलोमीटरने पुढे गेलेलं असतं आणि मन अजून मागच्या वळणावर.

म्हणून ताई, त्या कागदी कॉकपिटात बटणांपेक्षा बोलण्याचा सराव जास्त करा.

---

दोनशे_तास | १२ जून २०२४, रात्री १२.३५

मी जळगावचा. २०२१ ला सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झालं, २०० तास. बाबांनी शेत गहाण ठेवलं होतं. तीन वर्षं झाली, एका कंपनीच्या लेखी परीक्षेपर्यंत पोचलो, पुढे काही नाही. विमानांच्या ऑर्डरच्या बातम्या मीही वाचतो. त्या बातम्यांतली नोकरी आमच्यापर्यंत येत नाही. ताई, तुमच्याबद्दल मनात राग नाही, पण तुमच्याकडे एकदा होतं. आम्हाला एकदाही मिळालेलं नाही. हे लिहू की नको असा विचार करत दोन दिवस घालवले.

---

गोदाकाठ | १२ जून २०२४, सकाळी ७.१०

दोनशे_तास, लिहिलंस ते बरं केलंस. माझ्याकडे याचं उत्तर नाही. उजव्या सीटच्या रांगेत मी तुझ्या पुढे घुसतेय असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि काही अंशी ते खरंही आहे. कंपनीला चार हजार तासांचा माणूस हवा असतो कारण तो लवकर कमांडला जातो, हे कारण सांगून तुझ्या बाबांचं शेत सुटत नाही. अभ्यासात काही मदत लागली तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशन मी शिकवू शकते, हे मी मनापासून म्हणतेय.

---

डॅलसची_मीरा | १४ जून २०२४, सकाळी ८.४४

इकडचं थोडं सांगते. अमेरिकेत वैमानिकाच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, संपते ती 'करन्सी'. म्हणजे मेडिकल, दर २४ महिन्यांचा फ्लाइट रिव्ह्यू, अलीकडचा अनुभव. मी सात वर्षांच्या खंडानंतर छोट्या सेसना विमानावर इन्स्ट्रक्टर म्हणून वर्षभर काम केलं आणि त्या तासांच्या बळावर प्रादेशिक एअरलाइनमध्ये गेले. पगार थोडा होता, पण रोज रेडिओवर बोलणं, रोज हवामान वाचणं सुरू झालं. तुम्हाला जवळच्या फ्लाइंग क्लबमध्ये थोडे तास उडता आलं तर बघा. बारामती, धुळे, शिरपूर तुमच्यापासून फार लांब नाहीत.

---

गोदाकाठ | २२ सप्टेंबर २०२४, रात्री ९.१५

उशिरा लिहितेय, कारण बातमी चांगली नव्हती.

बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनला तपासणी झाली. डोळे, कान, ईसीजी, ट्रेडमिल, सोनोग्राफी सगळं नीट. हिमोग्लोबिन कमी. तात्पुरती अनफिट, उपचार करून परत या.

रेल्वेत बसल्यावर मला रडू आलं. दहा वर्षं सगळ्यांचे रिपोर्ट मी फायलीत लावले, मुलाचे, सासऱ्यांचे. माझं रक्त एकदाही तपासलं नव्हतं. घरी आले तर सासूबाईंनी काही न विचारता हळीव भिजत घातले. आता लोहाच्या गोळ्या, खजूर, नाचणी, पालेभाज्या आणि दर महिन्याला रक्ततपासणी. पश्चिमवारा काका, तुम्ही मेडिकल पहिलं म्हणालात म्हणून आज फक्त रेल्वेचं तिकीट वाया गेलंय. टाइप रेटिंगचे पैसे भरले असते तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

---

शेवंती | २३ सप्टेंबर २०२४, सकाळी १०.२०

ताई, इथे वाचणाऱ्या सगळ्या बायकांनी या आठवड्यात आपलं हिमोग्लोबिन तपासावं. मी उद्या जातेय.

---

गोदाकाठ | १८ जानेवारी २०२५, संध्याकाळी ६.०५

फिट! क्लास वन मेडिकल हातात आलं. आजचं एवढंच.

---

पश्चिमवारा | १८ जानेवारी २०२५, रात्री ८.४०

मनापासून अभिनंदन. आता एक काम. १ जानेवारीपासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय, १९३४ चा कायदा गेला. रेडिओ परवान्याचं कामही दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आलंय. सीपीएल आणि एटीपीएल (एअरलाइन वैमानिकाचा वरचा परवाना) यांची मुदत पाच वर्षांची दहा झाली, तो बदल २०२३ चा. जुन्या वह्यांतून अभ्यास करत असाल तर नियमांचा भाग नव्याने वाचा.

---

गोदाकाठ | २९ जून २०२५, रात्री ११.२५

मंडळी, मोठी पोस्ट आहे.

दोन कंपन्यांनी खंड पाहून अर्ज परत केला. तिसरीने बोलावलं. लेखी, मुलाखत, सिम्युलेटरमधली चाचणी, आणि नोकरीचं पत्र. ज्येष्ठता शून्यापासून. माझ्या तुकडीतले बाकीचे २२ ते २६ वयाचे. काही जण मला मॅम म्हणायचे, मी त्यांना सांगितलं, ताई म्हणा.

सिम्युलेटरच्या पहिल्या सत्राचं नीट लिहिते, कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

टेक-ऑफच्या धावेत व्ही-वन (ज्यानंतर टेक-ऑफ थांबवायचा नसतो तो वेग) नंतर उजवं इंजिन गेलं. नाक उजवीकडे वळू लागलं आणि माझा डावा पाय आपणहून पुढे गेला. विमान सरळ राहिलं, उचललं, चढ मिळाला. त्या क्षणी मला वाटलं, सगळं जागेवर आहे. आणि पुढच्याच मिनिटात घसरले. मोड बदलला तो मी बोलले नाही. समोरच्या पडद्याच्या वरच्या पट्टीवर ऑटोपायलट आणि थ्रस्ट कुठल्या मोडमध्ये आहेत ते दिसतं, आणि प्रत्येक बदल मोठ्याने वाचायचा असतो, म्हणजे शेजारच्यालाही कळतं की दोघं एकच विमान उडवताहेत. माझं तोंड बंद. मग ईकॅमवरचा (बिघाड दाखवणाऱ्या पडद्यावरचा) बिघाड हाताळायच्या आधीच मी एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रणाशी) बोलायला गेले. आधी विमान उडवा, मग दिशा, मग संवाद, हे सूत्र मी मुलांना वर्गात गोष्टीसारखं सांगायचे. दाबाखाली तेच उलटं झालं.

प्रशिक्षक माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. त्याने सिम्युलेटर थांबवलं आणि म्हणाला, "मॅम, तुमचे हात घाई करत नाहीत, मन करतंय. प्रत्येक कृतीच्या आधी एक श्वास." त्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत भिंतीवरच्या कागदी कॉकपिटासमोर (हो, बॅगेत घेऊन गेले होते) मी दोन तास फक्त बोलले. हात न हलवता. शेजारच्या खोलीतली मुलगी दार वाजवून आली, मला वाटलं आवाजाची तक्रार करेल. ती खुर्ची घेऊन शेजारी बसली आणि दुसऱ्या वैमानिकाची उत्तरं द्यायला लागली. पुढचे तीन आठवडे आम्ही रोज बसलो.

नवीन गोष्टीही बऱ्याच. मी सोडलं तेव्हा नकाशांची जाडजूड बॅग असायची, आता सगळं आयपॅडवर. उपग्रहावर आधारलेले ॲप्रोच तेव्हा क्वचित असायचे, आता रोजचे. 'गगन' या भारतीय उपग्रह-दिशादर्शन प्रणालीवरून लँडिंग होतं हे मी पहिल्यांदा वर्गात ऐकलं.

स्किल टेस्ट दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. पहिल्यात एका इंजिनावरच्या गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर चढताना) उंची चुकली. लपवत नाही, कारण मागून येणाऱ्यांना दुसरा प्रयत्न असतो हे कळलं पाहिजे.

---

सरळ_प्रश्न | ३० जून २०२५, सकाळी ९.००

ताई, गेल्या वर्षी मी प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मिळालं. नापास झाल्याचं तुम्ही लिहिलंत, म्हणून जास्त विश्वास वाटला.

---

तासगावचा_मळा | ३० जून २०२५, रात्री ८.१०

घरचं कसं जमवताय ते लिहा. माझ्याकडे विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

---

गोदाकाठ | १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४.३०

लाइन ट्रेनिंग संपलं, गेल्या आठवड्यात रिलीज झाले.

घरचं: अंधेरीला दोघींत एक खोली घेतलीय, कारण स्टँडबायला (ऐनवेळी बोलावलं तर हजर व्हायला) नाशिकहून पोचता येत नाही. जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला तेव्हापासून सुट्टीत घरी जाणं सोपं झालंय. विश्रांतीचे नवे नियमही कामी येतात, आठवड्याची सलग सुट्टी ३६ तासांवरून ४८ वर गेली. ३६ तासांत नाशिकला जाऊन मी फक्त झोपले असते. मुलगा पहिल्या महिन्यात फोनवर बोलायचाच नाही. आता माझा रोस्टर फ्रिजवर लावतो आणि रात्रीच्या उड्डाणांना लाल पेन. सगळं सुरळीत आहे असं नाही. त्याच्या पोहण्याच्या स्पर्धेला मी हैदराबादला होते, आणि ते मला अजून लागतं.

लँडिंगबद्दल व्यनित बऱ्याच जणांनी विचारलं. पहिलं नागपूरला. तीस फुटांवर नाक उचलायला सुरुवात, मग विमानाचा आवाज 'रिटार्ड', थ्रस्ट लिव्हर मागे. जरा लांब बसलं, पण मध्यरेषेवर. कॅप्टन म्हणाले, "पुढचं हजार फुटांच्या खुणेवर हवं." लॉगबुकात ओळ लिहिली. वरची ऑगस्ट २०१४ ची.

---

दोनशे_तास | १७ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.५०

ताई, अभिनंदन. तुम्ही शिकवलेलं नेव्हिगेशन उपयोगी पडलं. एका कंपनीची लेखी पास झालो, पुढच्या महिन्यात सिम्युलेटरची चाचणी आहे, ए३२० वर. ते कागदी कॉकपिट आता तुम्हाला लागत नसेल तर काही दिवस मिळेल का? परत करीन.

---

गोदाकाठ | १७ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.०२

पत्ता व्यनि कर, उद्याच कुरिअर करते. ओव्हरहेडचा उजवा कोपरा फाटलाय, तिथे चिकटपट्टी आहे, उलगडताना जपून. आणि एकटा बसू नकोस. समोर कुणीतरी चेकलिस्ट वाचायला हवं. कुणी नसलं तर रात्री नऊनंतर मला फोन कर, जमिनीवर असले तर मी वाचते.